टपाल फुकट, घड्या आपल्या

...आणि वाद कशावरून, तर घडी कशी घालायची यावरून! चाळीस हजार पत्रकं, हातात चार दिवस, आणि लीलावतीकाकू मला सांगतायत, "अगं ऋजुता, तिथे नको घालूस घडी, अलकेच्या नाकावरून जाते." अहो काकू, पत्रकावर फोटो आहे, घडी कुठून तरी जाणारच ना! नाकावरून नाही तर मानेवरून! "अगं बाई! मानेवरून तर मुळीच नको!"

तुम्हाला सांगते, मी पुण्याहून इथे विलायतेत आले सॉफ्टवेअर लिहायला. ऑफिस ब्रॅकनेलला, खोली हॅरोत, आयुष्य ट्रेनमध्ये. आणि झाले काय, तर पार्लमेंटच्या एका अपक्ष उमेदवाराची इलेक्शन एजंट! म्हणजे काही चुकलं की पत्र मला येणार. मला! वर्क व्हिसावर असलेल्या मुलीला!

उमेदवार म्हणजे आमच्या डॉक्टर अलकामावशी. चौतीस वर्षं हॉस्पिटलात लोकांना भूल दिली आणि रिटायर झाल्यावर म्हणाल्या, आता जागं करायचं. मुद्दा एकच: निवडणुकीचा प्रचार सरकारी तिजोरीतून व्हायला हवा. सगळ्यांचा, सारखा. आता ज्याने पैसे दिले त्याचा फोन आधी उचलला जाणार, मग तुमचा-माझा नंबर लागणार कधी? सांगा ना! मी तर ऐकूनच पेटले. म्हटलं, मावशी, मी आहे. आणि तिथल्या तिथे ठरलं, देणगी घ्यायची नाही. कुणाचीच नाही. सरकार देईल तेवढंच घ्यायचं.

आता सरकार काय देतं? घरटी एक पत्रक, टपालखर्च माफ. बस्स! कागद तुमचा, छपाई तुमची (ती मावशींच्या पेन्शनमधून), घड्या घालायच्या, शंभराचे गठ्ठे बांधायचे आणि टपालाच्या डेपोत नेऊन द्यायचे, तेही शुक्रवारी चारच्या आत. नाही पोचले तर संपलं! आमच्याकडे दुसरा प्रचारच नव्हता हो. टपाल फुकट, बाकी तुमचं तुम्ही बघा!

पहिल्याच दिवशी लीलावतीकाकूंचे मिस्टर, पुरुषोत्तमकाका, गणपतीचं पावतीपुस्तक घेऊन दारात. "सव्वीस घरं झाली माझी!" काका, देणगी घ्यायची नाही असं ठरलंय! "देणगी कुठंय? वर्गणी आहे ही." परत करा म्हटलं. "परत? वर्गणी परत?" असा चेहरा केला ना, जणू मी मूर्ती परत करायला सांगितली. बिचारे गेले घरोघरी, तर लोक दारच उघडेनात... त्यांना वाटलं, अजून मागायला आले!

तर घड्या. मावशींची बैठकीची खोली, अठरा बायका, आठ पुरुष, चहा चालू, गठ्ठे चालू. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून खाली घड्या घालतेय. मावशींचा मुलगा नील, वकील आहे, इथेच जन्मला, तो म्हणतो, "ऋजुता, माझा आई इलेक्शन लढते की कुणाचा लग्न आहे?" मी हसले. तेव्हा हसले!

शुक्रवार. दुपारी अडीचला नीलच्या व्हॅनमधून आम्ही डेपोत. मी, नील, मावशी आणि लीलावतीकाकू. काकू कशाला? तर म्हणे, पाठवणीला नको का कुणी? तिथला माणूस, टेरी, मोठा सज्जन, मंजूर झालेला नमुना घेऊन पत्रकं ताडून बघतोय. सदतीस खोकी पास! माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्याने अडतिसावं उघडलं, एक गठ्ठा उचलला आणि त्यातून... पिवळी पावडर. मग लाल पावडर. त्याच्या हातावर, टेबलावर, बुटांवर.

टेरी हळूच म्हणाला, "सॉरी लव्ह, व्हॉट इज धिस?" मी काकूंकडे बघितलं. काकू प्रसन्न! "अगं, शेवटच्या तीन खोक्यांत हळदकुंकू घातलंय आम्ही. पहिलं निमंत्रण का कोरडं पाठवायचं? सगळ्यांनाच घालणार होतो, पण कुंकू संपलं."

टपालात पावडर! इथे म्हणजे विषच समजतात! तुम्हाला सांगते, टेरीने बटण दाबलं, भोंगा वाजला आणि तीन मिनिटांत सगळा डेपो कारपार्कात! पास झालेली खोकी आत, सही बाकी, घड्याळात तीन दहा. नील वकिली इंग्रजीत समजावतोय, मावशी डॉक्टरी इंग्रजीत समजावतायत, मी नुसतीच "सर, सर" करतेय, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझा व्हिसा...

काकूंनी काय करावं? पर्समधून कुयरी काढली, चिमूटभर हळद घेतली आणि टाकली तोंडात! "सी? ईटिंग. नो बॉम्ब. घसा बसला की घे दुधातून, मिल्क, मिल्क!" आणि त्याला काही कळायच्या आत कपाळावर टिळा! टेरीने बोट लावलं, वास घेतला. "इज धिस टर्मरिक? माझी बायको हे कॉफीच्या दुकानात चार पौंडाला पिते." काकू म्हणाल्या, "फसवतात हो तुम्हाला!"

भोंगा थांबला. पण टेरी म्हणाला, नमुन्यात हळद नाही, मग पत्रकात चालणार नाही. नियम! टपाल फुकट, बाकी तुमचं तुम्ही बघा! म्हणून आम्ही चौघं कारपार्कात तीन हजार पत्रकं झटकतोय, वारा असा सुटलेला, आणि सगळा भंडारा उडतोय! अहो, जेजुरी झाली त्या कारपार्कची! शेवटी डेपोतली माणसंही आली झटकायला. टेरी टिळ्यासकट. तीन चोपन्नला सही! थोडे डाग राहिले, त्यावर तो म्हणाला, "छपाईत होतं असं कधीकधी." देव त्याचं भलं करो.

मग फोन सुरू झाले. पत्रकावर नंबर माझा! "हॅलो, पत्रिका मिळाली, मुलगी कुणाची? हॉल कुठला? जेवण व्हेज आहे ना?" मी मीटिंग सोडून प्रत्येकाला सरकारी तिजोरीतून प्रचार म्हणजे काय ते समजावते. आणि लोक ऐकतात हो! एक आजोबा वीस मिनिटं ऐकून म्हणाले, "पटलं. येतो मतदानाला. पण जेवण नाही ना?"

निकाल लागला. अठराशे बारा मतं. त्यातलं एक माझं, भारतीय पासपोर्टवाल्यांना इथे मत असतं, विसरू नका! अठराशे बारा माणसं, ज्यांना आम्ही चहासुद्धा पाजला नव्हता! मी तर नाचायचीच बाकी होते, तेवढ्यात नील म्हणाला, "पाच टक्के नाही झाला. डिपॉझिट गेला." पाचशे पौंड जप्त! आणि जमा कुठे? सरकारी तिजोरीत! अहो, तिजोरीने उमेदवाराला द्यावं म्हणून आम्ही उभे राहिलो, आणि उमेदवारानेच तिजोरीला दिले!

मी रडवेली होऊन मावशींकडे गेले. त्या शांतपणे उरलेली पत्रकं कपाटात तळाशी अंथरत होत्या. म्हणाल्या, "अगं, तिजोरीतून द्यायचं म्हणजे आधी तिजोरीत काहीतरी हवं ना? टाकले आपण पाचशे. आता बाकीचं बाकीचे बघतील."