तात्यामास्तरांची धक्क्यावरची उजळणी

रत्नागिरीकर पालकहो, विद्यार्थ्यांनो, आणि मागे दाराशी मासळीच्या पाट्या टेकवून बसलेल्या मांडवीच्या आयाबायांनो,

आपण सगळे एका दुखण्याचे सोबती आहोत. दरवर्षी मॅट्रिकचा निकाल येतो आणि या गावातली शहाणी, कष्टाळू पोरं इंग्रजीच्या एका पेपरात बुडतात. गणितात तरतात, संस्कृतात तरतात आणि इंग्रजीत बुडतात. का? तर त्या पेपरात कवितेतल्या बर्फाची उपमा विचारतात. बर्फ कोणी पाहिलाय इथे? हात वर करा. एकही नाही!

या दुखण्यावर औषध देणारा माणूस परवा गेला. तात्यामास्तर गेले. चाळीस वर्षं या गावाला इंग्रजी शिकवून गेले. मी बोलायला उभा आहे, पण मला बोलणं जड जातंय. सभा गाजवणारा माणूस म्हणून तुम्ही मला ओळखता. आज एक गोष्ट लपवणार नाही. शोकसभेत शोभणार नाही, पण माझ्या छातीवरचा एक धोंडा उतरलेला आहे. दुःख आहेच. पण त्याहून जास्त मला सुटल्यासारखं वाटतंय. कशामुळे, ते सांगतो.

पंधरा वर्षांपूर्वी मी मास्तरांच्या मॅट्रिकच्या वर्गात होतो. त्यांची एक काळ्या पुठ्ठ्याची वही होती. वीस वर्षांची मेहनत. इंग्रजी कवितेतले सगळे अलंकार, त्यांच्या व्याख्या, प्रत्येक धड्याचा गाभा, गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारी माणसं, सगळं सुवाच्य अक्षरात. परीक्षेआधी ती वही दर आठवड्याला एकेकाच्या घरी जायची. आम्ही ती उतरवून घ्यायचो आणि घोकायचो. कळत काही नव्हतं. पण घोकायचो.

माझी पाळी आली ती नेमकी शिमग्याच्या आठवड्यात. तेव्हा माझं रक्त कसं उसळत होतं ते काय सांगू! विलायती कापडाच्या होळ्या पेटत होत्या. आमच्या वाडीत सकाळी होम लागला, ढोल वाजू लागले, मी अंगातला विलायती कोट काढून आगीत फेकला. पोरांनी आरोळी ठोकली. त्या आरोळीची नशा चढली. घरात धावलो, इंग्रजी अक्षरं असलेलं जे हाताला लागलं ते आणलं आणि होमात टाकलं. पुठ्ठा पेटला तेव्हा कळलं, ती मास्तरांची वही होती.

मित्रहो, त्या वहीची दुसरी प्रत नव्हती.

आणि मी काय केलं? खोटं बोललो. देशासाठी कोट जाळणारा वीर मास्तरांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "तात्या, होडीतून उतरताना वही खाडीत पडली." मास्तरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. एवढंच.

पुढे आठवडाभर वर्ग भरला नाही. मग एका शनिवारी त्यांनी आम्हाला मांडवीच्या धक्क्यावर नेलं. मुंबईची बोट यायची होती. हमाल, चाकरमानी, त्यांना पोचवायला आलेल्या बाया, मासळीच्या पाट्या, सगळा कल्ला. मास्तर म्हणाले, "आज उजळणी. प्रत्येकाने कान उघडे ठेवा आणि दहा अलंकार धरून आणा."

पहिला अलंकार कोणाचा, ठाऊक आहे? त्या मागे बसलेल्या भागीआक्कांचा. एक गिऱ्हाईक म्हणालं, सुरमई लहान आहे. भागीआक्का कडाडल्या, "लहान? अरे मेल्या, डोकं माज्या पाटीत हाय आनि शेपटी अजून होडीत हाय!" मास्तर आनंदाने उडालेच. "अतिशयोक्ती! हायपरबोली! लिहा!" आम्ही लिहिलं. भागीआक्कांनी पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मास्तर, तुमी माजं बोलनं लिवून घेताव काय? मंग मला पन पास करा."

हसा, भागीआक्का, हसा. त्यांना आवडेल.

त्या शनिवारपासून धक्का हाच वर्ग झाला. वारा पडला की नाखवा म्हणायचा, "दर्या आज झोपलाय." मास्तर म्हणायचे, "बघा, समुद्राला माणूस केला. इंग्रज कवी वेगळं काय करतो?" कवितेची थीम समजावताना ते आंबा समोर धरायचे. "साल म्हणजे शब्द. रस म्हणजे गोष्ट. चाटूनपुसून खाल्ल्यावर हातात राहते ती कोय, ती थीम. पुन्हा रुजेल ती तीच." आणि जगातल्या सगळ्या गोष्टींत फिरून फिरून येणारी ती माणसं, घर सोडून निघालेला वीर, त्याला वाट दाखवणारा म्हातारा, वाट अडवणारा दुष्ट? त्यांना ते सोंगं म्हणायचे. "शिमग्याच्या खेळ्यांत आत माणूस दरवर्षी बदलतो, सोंग तेच राहतं. इंग्रजी नाटकातला राजा ओळखता येत नाही? आधी खेळ्यांतला ओळखा." पोरांना कळायला लागलं. मलाही कळलं. मी पास झालो!

आणि पास होऊन मी काय दिवे लावले? त्याच इंग्रजीच्या जोरावर पुस्तकांमागून पुस्तकं वाचली, व्यासपीठावर चढलो आणि याच गावात, भर सभेत मास्तरांचा उल्लेख करून गरजलो, "हे आमचे शिक्षक नव्हेत, हे साहेबाच्या भाषेचे हमाल आहेत!" टाळ्या पडल्या. तुमच्यातल्याही काहींनी वाजवल्या. माना खाली घालू नका, मला आठवतंय.

दुसऱ्या दिवशी मास्तरांची चिठ्ठी आली. लाल पेन्सिलीने लिहिलेली. "रूपक चांगले. अर्धा गुण. हमाल काय वाहतो ते सांगितले नाही, म्हणून अर्धा कापला." मी चिठ्ठी फाडली. पण ते वाक्य फाटलं नाही. दहा वर्षं मी त्यांच्या आळीतून जाणं टाळलं. बाजारात दिसले तर वाट बदलली. वहीचं खोटं एक आणि त्यावर हा अपमान. वाटायचं, एक दिवस हा माणूस जाईल आणि मी हे घेऊन जन्मभर फिरेन.

पंधरा दिवसांपूर्वी कळलं, दमा वाढलाय, फार दिवस नाहीत. दुपारीच गेलो. पडवीत उशीला टेकून बसले होते. मास्तरीणकाकू पेज भरवत होत्या. मी उभ्यानेच सांगून टाकलं, "तात्या, वही खाडीत पडली नव्हती. मी ती होमात टाकली."

मास्तरांनी पेजेचा घोट संपवला. म्हणाले, "अरे वामन, ते मला त्याच दिवशी कळलं. तुझ्या भुवया जळल्या होत्या. खाडीत पडलेल्या वहीने भुवया जळतात होय रे?"

पंधरा वर्षं! पंधरा वर्षं मी जे लपवलं, ते माझ्या कपाळावरच लिहिलेलं होतं. मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला तर! आठ दिवस अन्न गोड लागलं नाही."

काकू म्हणाल्या, "आठ कसले? पाडवा आला तरी धुसफुसत होते. श्रीखंडसुद्धा तसंच ठेवलं पानात."

मास्तर हसले, खोकले, मग सावकाश म्हणाले, "नंतर वर्गात जायला निघालो आणि घाम फुटला. वही नाही, तर मला शिकवता येत नाही, हे पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. पळून धक्क्यावर गेलो, झालं. तुझे उपकार मानणार नाही हो मी. वही चांगली होती." मग उशीखालून लाल पेन्सिलीचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "तो अर्धा गुण अजून शिल्लक आहे. उत्तर दे."

रडू आलं. काकूंनी मलाही वाटीभर पेज दिली. त्या घरातून बाहेर पडलो तो हलका होऊन. म्हणून म्हणतो, मित्रहो, मी आज सुटलेला माणूस आहे. आणि तेही सुटले त्या दम्यातून. काकूंनी सांगितलं, शेवटचा श्वास शांत होता.

आता उत्तर देतो, तात्या. उशीर झाला, पण देतो. तुम्ही हमालच होतात. आमचंच सामान वाहत होतात. आमच्या भांडणातलं, आमच्या दर्यावरचं, आमच्या शिमग्यातलं. आम्हाला ते फुकटचं, कवडीमोल वाटत होतं. तुम्ही ते उचललंत आणि साहेबाच्या कवितेशेजारी नेऊन ठेवलंत, म्हणून आमची मान वर झाली. पारतंत्र्याचा मला आजही तितकाच संताप आहे. पण ताठ मानेने शिकलेली भाषा ही बेडी नसते, हे मला तुम्ही शिकवलंत.

पण पालकहो, आज सकाळी इथेच दोघे म्हणाले, मास्तर गेले, आता मुंबईहून गाईड मागवू, पोरं पाठ करतील. म्हणजे पुन्हा घोकणं? पुन्हा तेच बुडणं? परीक्षेला महिना उरला आहे. मास्तरांच्या यादीत नऊ मुलं आहेत. या सभेने त्यांचं तैलचित्र लावायचं ठरवलं आहे. अवश्य लावा. पण भिंतीवरचे मास्तर कोणाला पास करणार नाहीत.

उजळणी मी घेईन. ही पेन्सिल माझ्याकडे आहे आणि भागीआक्का आहेत.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. काही बोलू नका. खिडक्या उघड्या आहेत, धक्क्यावरचा आवाज इथवर येतो. तो नीट ऐका. आणि इथून घरी गेल्यावर एकच करा. येत्या शनिवारी, चार वाजता, बोट लागायच्या आधी, तुमच्या मुलाला मांडवीच्या धक्क्यावर पाठवा.