रजा आधी कुणी घ्यायची

सायोको: बस ना जरा खाली. मघापासून दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या चालल्यात तुझ्या.

कियोताका: बर्फ वाढतोय, ताई. आत्ता निघालो नाही तर घाटात अडकेन. उद्या सकाळी मीटिंग आहे.

सायोको: आणि उद्या सकाळी माझं विमान आहे. मग आईला संडासापर्यंत कोण नेणार? मांडीचं हाड जोडून घरी आलीय ती, सर्दी होऊन नाही.

कियोताका: तू अजून आठवडाभर थांबलीस तर? तुमच्या फ्रान्समध्ये काय, रजांची चंगळ.

सायोको: होती चंगळ. वर्षाचे पाच आठवडे मिळतात, ते आईच्या ऑपरेशनपासून इथेच संपले की. तुझी किती रजा शिल्लक आहे?

कियोताका: आहे.

सायोको: किती?

कियोताका: बरीचशी. जुनी बाद होते, नवी जमा होते. चालतं तसंच.

सायोको: म्हणजे हक्काची पगारी रजा सरळ कचऱ्यात?

कियोताका: कायद्याने सक्तीची असते तेवढी घेतो. बाकीची राखून ठेवायची. उद्या आजारी पडलो तर?

सायोको: आजारपणाला रजा! माझी मैत्रीण उटे जर्मनीत नोकरी करते. ऐन सुट्टीत तिला ताप आला. डॉक्टरची चिठ्ठी दिली, तर तेवढे दिवस तिला परत मिळाले. आजारपण वेगळं, सुट्टी वेगळी.

कियोताका: इथे जपानात दे बरं अशी चिठ्ठी. साहेब म्हणतील, "काळजी घ्या." ते कसं म्हणतात, ते तू ऐकलेलं नाहीस. आमच्या ऑफिसातला ओनोदेरा मुलीच्या लग्नाला दोन दिवस गेला, तर परत आल्यावर मिठाईचा खोका घेऊन टेबलाटेबलापाशी वाकत होता. तुम्हाला त्रास दिला, तुम्हाला त्रास दिला!

सायोको: आमच्याकडे ऑगस्टमध्ये बेकरीवालासुद्धा दाराला पाटी लावून समुद्रावर जातो. गल्लीत पाव मिळत नाही. कुणी मरत नाही त्याने.

कियोताका: हो ना. आणि ते ऑगस्ट तू कुठे घालवलेस?

सायोको: म्हणजे?

कियोताका: समुद्रावर. डोंगरात. सासूबाईंच्या बागेत. इथे किती आलीस? मी रजा घेत नाही, तरी दर रविवारी घाट ओलांडून येतो. छपरावरचा बर्फ मी काढतो, रॉकेलचे डबे मी भरतो. तेव्हा रजा कशी घ्यायची, ते मला नको शिकवूस.

आई: ए, या घराच्या भिंती कागदाच्या आहेत. सगळं ऐकू येतंय मला इकडे.

सायोको: काही नाही गं, आई. पडून राहा तू.

आई: मला कुणाच्या रजा-बिजा नकोत. मी राहीन एकटी. कियो, तू निघ बाबा, अंधार पडेल.

कियोताका: हो, आई.

सायोको: काय "हो, आई"? सकाळी तिची काठी घसरली. खांबाला धरून उभी होती, मला हाकसुद्धा मारली नाही. तू बोललास ते मला लागलं. खरं आहे म्हणूनच लागलं. पण मी उद्या विमानात बसल्यावर तिला उठवायला त्याचा काय उपयोग?

कियोताका: तुला कळत नाहीये. तुमच्याकडे माणूस रजेवर गेला की काम त्याची वाट बघत बसतं. इथलं काम वाट बघत नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. माझं सगळं माझ्या हाताखालच्या मिनागावावर पडेल. त्याच्या घरात तान्हं बाळ आहे, पोरगा आत्ताच बसल्या जागी पेंगतो. त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

सायोको: त्याला विचारलंस?

कियोताका: असलं विचारायचं नसतं.

सायोको: दे तो फोन. मी विचारते.

कियोताका: वेड लागलंय का तुला? ताई! सोड... सोड म्हणतो ना. मी बोलतो.

(कियोताका फोन घेऊन बाहेर जातो. बऱ्याच वेळाने परत येतो. केसांवर बर्फ.)

सायोको: काय झालं? चिडला?

कियोताका: आधी म्हणाला, "थांबा, सर, बाळ झोपलंय, बाहेर येतो." मला वाटलं, फोन कट झाला.

सायोको: मग?

कियोताका: मग म्हणाला, "घ्या, सर. हात जोडतो, पण घ्या."

सायोको: असं म्हणाला?

कियोताका: बाळ झाल्यापासून त्यालाच रजा मागायचीय म्हणे. "रोज घरून ठरवून निघतो, आणि बघतो तर तुम्ही माझ्याआधी येऊन बसलेले. तुम्हीच घेत नाही, तर आम्ही खालच्यांनी मागायची कशी?" ...मी समजत होतो, या पोरांचं ओझं मी उचलतोय.

सायोको: बस. हात बघ किती गारठलेत. चहा ओतते. किती दिवसांचं सांगितलंस त्याला?

कियोताका: सांगितलंच नाही. त्यालाच विचारलं, तुला किती दिवस हवेत?

सायोको: मग?

कियोताका: म्हणाला, "तुम्ही घ्याल त्यापेक्षा एक कमी."

सायोको: अरे देवा.

कियोताका: मग तिथूनच साहेबांना फोन लावला. दोन आठवडे म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

सायोको: आणि ते?

कियोताका: "बरं" म्हणाले. नुसतं बरं. पुढे काही नाही... ताई, आईचं सांग मला. पेज कधी द्यायची, गोळ्या कुठल्या, आंघोळ कशी घालायची. सावकाश सांग.