जांभळ्या नेलपॉलिशचं संशोधन

मला तर अजून खरं वाटत न्हाय, बघा. पिंपळीत आमचं छोटं वर्कशॉप हाय. उसाच्या रानातली ओल मोजायचं यंत्र बनवतो आमी. पुण्याची एक मोठी कंपनी ओल मोजायचं आपलं नवं यंत्र बंद डब्यात घेऊन भागीदारीला आली. म्हणाली, तंत्रज्ञान आमचं, गावोगाव बसवायचं काम तुमचं.

आमचे मालक तात्या म्हणाले, “सही करतो की! आधी डबा उघडून दावा.”

कंपनीचे साहेब दचकलेच. “तात्या, कैक वर्षांचं संशोधन आहे त्यात. असं उघडता येत नाही.”

“मग जुळायचं न्हाय,” म्हणत तात्यांनी स्वतःच स्क्रूड्रायव्हर लावला.

झाकण निघालं आन् मी गारच पडलो. आतल्या चारी स्क्रूंवर चमकीची जांभळी नेलपॉलिश! पंपाच्या हादऱ्यानं स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून माझी बायको लावती, तीच. इंदापुरातल्या दुकानात आमी इकायला ठेवतो, ते आमचंच यंत्र घेऊन ह्यांनी नव्या डब्यात घातलेलं.

तात्यांनी सावकाश झाकण लावलं.

“साहेब, यंत्र एक नंबर हाय. पण करार मी बनवणाऱ्यासंगंच करतो. त्याचा पत्ता देता का?”