छातीवरची बातमी

पिरेनीजच्या घाटमाथ्यावर सायकल शर्यत बघायला आलेली ओडील दोरीला टेकून उभी होती. शेजारी एक म्हातारं नवरा-बायकोचं जोडपं होतं; त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"पुढचे सगळे घाट उतरून गेले. चला आता."

"शेवटचा राहिलाय, जिनेत."

"तो कुठला येतोय? काल पडून खांदा मोडलाय त्याचा. आज सायकलवर बसणारच नाही, असं तुमच्या पेपरात छापलंय."

"मग तो बघ कोण!"

"अगं बाई! एका हाताच्या जोरावर चढवतोय!"

"पेपर दे इकडे. घामेजलाय, जर्सीत पेपर घातला नाही तर उतारावरच्या वाऱ्यात छाती गारठेल."

"थांबा, मीच देते. घे रे बाळा! अहो, घेतला! जर्सीत खुपसलासुद्धा!"

"गेला बघ वाऱ्यासारखा."

"पण अहो, ती बातमी त्याच पेपरात होती!"

"असू दे. आता तीच त्याला ऊब देईल."