रॅपर वेगळा झाला तेव्हा

माझ्या आईने अख्खा रॅपचा अल्बम ऐकलाय म्हटलं तर तुम्ही हसाल, पण आधी ऐका तरी. मी सिंगापूरला दादा-वहिनींबरोबर नोव्हेना भागातल्या फ्लॅटवर राहतो, तिथे ती पुण्याहून आली होती. रविवारी दुपारी मी गँगस्टा रॅपच्या सुरुवातीच्या काळातला एक जुना अल्बम लावला होता. आई भेंडी चिरायला माझ्याशेजारीच येऊन बसली.

"कोण रे हा इतका ओरडतोय?"

"रॅपर आहे. ग्रुपमधून बाहेर पडला, त्यानंतरचा हा त्याचा एकट्याचा पहिला अल्बम."

आईची सुरी थांबली. "वेगळा झाला? भांडून?"

"हो, बहुतेक."

"बाकीच्यांना सांगून गेला की परस्पर?"

आता हे मला काय माहीत! मी आवाज कमी करायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे." मला काही कळेना. हिला रॅप आवडलं की काय?

शेवटचं गाणं संपल्यावर विचारते, "मग आता जेवायचं काय करतो तो?"

"आई, करोडपती आहे तो!"

"असेल. पण वेगळा होऊनही इतका चिडलाय, म्हणजे त्याला जायचंच नव्हतं. कोणीतरी 'थांब' म्हणायला हवं होतं."

मग भेंडीचं ताट उचलून उठली आणि जाता जाता म्हणाली, "तू तिकडे वन-नॉर्थला वेगळा फ्लॅट बघून आलास ते दादाला कळलंय. त्याच्या तोंडून 'थांब' निघत नाहीये, एवढंच."