आधी कागद, मग पाणी

भाडेकरू कसा पारखावा हे मला नका विचारू, राव. मी एकदा पारखलाय.

पिंपरीच्या निर्वासित छावणीतला एक सिंधी माणूस चिंचवडात आमची मागची खोली विचारायला आला. बायकोनं रीतीप्रमाणं गूळपाणी आणलं. मी तिला हातानंच थांबवलं आणि त्याला म्हणालो, “आधी सरकारी कागद दाखवा. तुम्ही पाकिस्तानातनं आलेले. उद्या सरकारनं परत धाडलं, तर मी कुणाला धरू?”

त्यानं खिशातनं निर्वासिताचा दाखला काढला. मी तो उलटसुलट बघितला, शिक्का बोटानं चोळून पाहिला. मग म्हणालो, “हं, घ्या आता पाणी.”

“तहान नाही,” तो म्हणाला. भर उन्हात छावणीपासनं चालत आला होता.

खोली मात्र त्यानं घेतली. गरजच होती, बायको पोटुशी होती त्याची.

महिन्याभरानं मी कामासाठी त्याच्या दारात गेलो. त्यानं मला खाटेवर बसवलं, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

“घ्या. काम मागाहून सांगा.”

पाणी प्यालो आणि तसाच उठून आलो. दाखल्याची नक्कल मागायला गेलो होतो, हे आज पहिल्यांदा सांगतोय.