दोन ओळींवर थांबणारं बटन

तुमाला खोटं वाटंल, पण माझा नवा कीबोर्ड दोन ओळी टाइप करून थांबायचा. कचेरीसमोर अर्ज टाइप करून द्यायचं माझं काम. ह्या कीबोर्डात एकदा मजकूर भरला, की एक बटन दाबल्यावर तोच आपोआप उमटतो. म्हणून मी शेळ्यांच्या शेडचा अख्खा अर्ज एका बटनावर बसवला.

पहिलेच आले सिद्धेश्वर गावचे एक म्हातारे मामा. मी ऐटीत बटन दाबलं. "महोदय, विनंती करतो की" एवढं उमटलं आन् गप.

कचेरी बंद व्हायला आलती. मामा म्हणले, "काहून थांबलं, बाई?"

मी वायर हलवली, बटनावर फुंकर मारली. काईच न्हाई. मग एकाएकी उरलेला अर्ज धडाधडा उमटला. पुन्हा दाबून पाहिलं, तर पुन्हा तिथंच थांबलं.

तवा माझ्या ध्यानात आलं. "मामा, मजकूर भरताना मधीच चहा आलता. मला चहा प्यायला जितका येळ लागला, तितका येळबी ह्यानं बराबर टिपून घेतला. आता दर अर्जाला हे तिथंच चहा पिऊन राहिलंय."

मामा अर्ज घेऊन उठले. "मग ह्याला हितं काहून ठेवलंस? समोर कचेरीत लावून दे. थेट सायब होईल."